जुन्या यंत्रांचे कागद

वाचकहो, रविवारी संध्याकाळी आमच्या खडकवासल्याला आलात, तर धरणाकाठी पाऊल ठेवायला जागा मिळत नाही. भाजलेली कणसे, कांदाभजी, गाड्यांच्या रांगा आणि समोर सिंहगड. त्या गर्दीत फार थोड्यांच्या मनात येत असेल, की १२ जुलै १९६१ या दिवशी हेच पाणी पुण्यावर चालून गेले होते. सकाळी पानशेतचे धरण फुटले, दुपारी त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा एकोणिसाव्या शतकातला दगडी बांधही टिकला नाही, आणि नदीकाठच्या पेठांतून घरेच्या घरे पाण्याखाली गेली. त्या पुराने माणसे नेली, संसार नेले. त्याबरोबर कागदही नेले. घरांच्या खरेदीखतांपासून दुकानांच्या वह्यांपर्यंत किती कागद त्या दिवशी चिखल झाले, त्याचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही.

मी इतिहासाचा अध्यापक. कागद नाहीसा होणे म्हणजे काय, हे आम्हा लोकांना वर्गात नेहमी सांगावे लागते. पण आज मी सनदांविषयी किंवा बखरींविषयी बोलणार नाही. ज्यांना कोणी इतिहासाची साधने म्हणत नाही, अशा कागदांविषयी बोलणार आहे. हे कागद म्हणजे बंद पडलेल्या, बाजारातून गेलेल्या विजेच्या उपकरणांच्या माहितीपुस्तिका. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, मोजमापाची यंत्रे यांच्याबरोबर येणारी किंवा दुरुस्ती करणाऱ्यांसाठी छापलेली ती चोपडी. जगभरातले काही लोक ती शोधतात, स्कॅन करतात आणि इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवतात. हा उद्योग कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मलाही पूर्वी तसेच वाटे.

आमच्या शेजारी एक काका राहत. तरुणपणी नारायण पेठेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करून ते पुढे खडकवासल्यास येऊन स्थायिक झाले. आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनीच अनेक वर्षे चालता ठेवला. तीन वर्षांपूर्वी काका गेले. त्यानंतर काही महिन्यांनी काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "अरे, तुझ्या काकांची ती ट्रंक बघ जरा. तुला हवे ते घेऊन जा. उरलेले सोमवारी रद्दीवाला नेणार आहे. आता कोणाच्या उपयोगाचे आहे ते?"

ट्रंक उघडली. आत वाळवीने कडा खाल्लेल्या पुस्तिका होत्या, घड्या पडून फाटायला आलेले सर्किटचे आराखडे होते आणि काकांची एक जाड वही होती. रद्दीच्या भावाने त्या सगळ्याचे फार तर शे-दीडशे रुपये आले असते. मी ट्रंक उचलून घरी आणली ती शेजारधर्म म्हणून. तिचे मोल मला पुढे कळले.

वडिलांचा रेडिओ तोवर मुका झाला होता. मी काही तंत्रज्ञ नव्हे. काकांच्या शेजारी स्टुलावर बसून जे पाहिले, तेवढीच माझी विद्या. तरी एका माहीतगार मित्राला घेऊन बसलो. मित्र म्हणाला, "सर, भाग मिळतील, व्हॉल्व्हही मिळतील. पण या सेटचा कागद आहे का?" का, ते ऐका. या जातीच्या रेडिओत कुठल्याही केंद्राचा आवाज आधी एका ठरावीक मधल्या कंप्रतेवर आणतात आणि मग मोठा करतात. ही मधली कंप्रता कोणी ४५५ किलोसायकल ठेवी, कोणी ४६५, कोणी ४७०. पेटी बाहेरून पाहून ते कळत नाही. चुकीच्या आकड्यावर सेट जुळवला, तर डायलवर केंद्र एका जागी आणि आवाज भलत्याच जागी. डायलच्या दोरीचेही तसेच. ती कुठल्या चाकावरून, किती वेढे घालून, कुठल्या बाजूने न्यायची, हे चित्रावाचून उमगायचे म्हणजे तासन् तास डोके खाजवणे आले.

याहून बारीक गोष्ट पुढेच आहे. पुस्तिकेत दाबाचा तक्ता असतो, म्हणजे कुठल्या टोकाला किती व्होल्ट दिसावेत याचे आकडे. पण ते आकडे त्या काळच्या काट्याच्या मीटरने घेतलेले. तो मीटर मोजताना स्वतःच थोडा प्रवाह ओढून घेई आणि आकडा खाली येई. आजचा डिजिटल मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून त्याच जागी जास्त व्होल्ट दाखवतो. नवशिक्याला वाटते, बिघाड सापडला. आणि तो चांगला भाग काढून फेकतो. तक्त्याखाली बारीक अक्षरात मीटरची जात लिहिलेली असते. ती एक ओळ वाचली, तर सेट वाचतो. आम्हां इतिहासवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नुसता मजकूर पुरत नाही, तो कोणी व कशाने नोंदला हेही कळावे लागते.

हे कागद निर्माण कसे झाले, तेही पाहण्यासारखे आहे. रेडिओ घरोघर गेला तसा दुरुस्तीचा धंदा उभा राहिला, आणि दुकानदारापुढे शेकडो कंपन्यांचे हजारो नमुने येऊन पडू लागले. अमेरिकेत जॉन रायडर या गृहस्थाने १९३० नंतरच्या वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांचे आराखडे एकत्र करून जाडजूड ग्रंथ छापायला सुरुवात केली. १९४६ पासून हॉवर्ड सॅम्स यांच्या संस्थेने प्रत्येक सेट उघडून, त्याची छायाचित्रे घेऊन, भागांना क्रमांक देऊन संच काढले. ब्रिटनमध्ये धंद्याच्या एका साप्ताहिकाबरोबर सेटगणिक पत्रके निघत. आपल्याकडे मुंबई-ठाण्याकडच्या कारखान्यांत सेट तयार होऊ लागले, तेव्हा त्यांचीही पत्रके विक्रेत्यांकडे व दुरुस्तीकारांकडे जात. म्हणजे त्या काळी कंपनी गृहीतच धरून चालली होती, की वस्तू बिघडणार आणि गावचा माणूस ती दुरुस्त करणार. त्याला माहिती दिली पाहिजे, हा व्यवहार होता; उपकार नव्हता.

पुढे काळ बदलला. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग सगळे सर्किट नखाएवढ्या तुकड्यात बसले. कंपन्या विकल्या गेल्या, बंद पडल्या, एकमेकींत मिसळल्या. जिचा शिक्का पुस्तिकेवर आहे ती कंपनीच उरली नाही, तर पुस्तिका मागायची कोणाकडे? आणि ज्या उरल्या, त्यांतल्या कित्येकींना आता दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू विकण्यात रस. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. एके काळी जे पत्रक दुकानात आपोआप येई, त्यासाठी आता हक्क सांगावा लागतो. हा बदल थोडाथोडका नव्हे.

अशा वेळी हे काम सामान्य माणसांनी अंगावर घेतले. हौशी बिनतारीवाले, निवृत्त अभियंते, जुन्या यंत्रांचे वेडे. ज्याच्याकडे जे चोपडे असेल, ते त्याने स्कॅन करायचे आणि सर्वांसाठी ठेवायचे. अमेरिकेतल्या ॲल कोसो या एका माणसाने जुन्या संगणकांच्या पुस्तिकांचा 'बिटसेव्हर्स' नावाचा प्रचंड साठा असाच उभा केला. २०१५ च्या ऑगस्ट महिन्यात मेरीलँड राज्यात एक प्रसंग घडला. जुन्या पुस्तिका विकणारे एक दुकान बंद होत होते आणि हजारो चोपडी कचऱ्यात जाण्याच्या बेतात होती. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेत काम करणारे जेसन स्कॉट यांना हे कळले. त्यांनी हाक दिली, ओळखीचे-अनोळखी लोक धावून आले आणि काही दिवस खपून त्यांनी त्या पुस्तिका खोक्यांत भरून हलवल्या. ट्रंक काय आणि दुकान काय, रद्दीवाल्याचा सोमवार सगळीकडे सारखाच!

कोणी म्हणेल, भंगाराच्या कागदासाठी एवढा आटापिटा कशाला? यावर मी नेहमी कल्याणचे उदाहरण देतो. डॉ. गोविंद स्वरूप १९५३ साली कोलंबो योजनेखाली ऑस्ट्रेलियात गेले. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या रेडिओलहरी टिपणाऱ्या लहान तबकड्यांची रांग होती. प्रत्येक तबकडीचा व्यास अवघा सहा फूट. नवीन दुर्बीण उभी राहत होती आणि या ३२ तबकड्या निकालात निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. त्या दिल्लीला आल्या, काही वर्षे तशाच राहिल्या, आणि स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा तो पाया. पुढे उटीची दुर्बीण आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातली खोडदची ३० अँटेनांची महादुर्बीण, हा सारा विस्तार त्याच माणसाच्या हातून झाला.

आता यातले मर्म पाहा. दुसऱ्याने टाकून दिलेल्या तबकड्या आपल्याकडे येऊन उपयोगी पडल्या, कारण त्या मागून घेणारा माणूस त्यांच्यावर स्वतः काम केलेला होता. सिडनीत असताना स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी त्याच तबकड्या वेगळ्या कंप्रतेवर चालण्यासाठी बदलल्या होत्या. पुस्तिका त्यांच्या डोक्यात होती, असे म्हणा ना. पण प्रत्येक यंत्राबरोबर असा माणूस येत नाही. बहुतेक यंत्रांबरोबर फार तर कागद येतो, आणि तोही गेला, तर तबकडी नुसते पत्र्याचे ताट होते.

शास्त्राच्या दृष्टीनेही एक गोष्ट आहे. आमच्या गावात जल व विद्युत संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. १९१६ साली ती सुरू झाली आणि पुढे खडकवासल्यास आली. तिच्या कमानीवरून जाताना मला नेहमी वाटते, की नद्यांची, पावसाची, पुराची जुनी मापे ही सबंध देशात मोठी ठेव आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा, तर तो कुठल्या यंत्राने घेतला आणि त्या यंत्राची चूक किती असे, हे कळले पाहिजे. ते सांगणारा कागद नसेल, तर आकडा मुका. पावसाचा, पुराचा अंदाज ज्यावर बांधायचा तो आकडा मुका राहणे बरे नव्हे. निदान आम्हा खडकवासल्याच्या लोकांना तरी ते सांगायला नको.

हे काम आपल्या परंपरेला परके आहे असेही नाही. इतिहासाचार्य राजवाडे पायपीट करून गावोगावची दप्तरे धुंडाळीत फिरले आणि १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. कागद मिळवण्यावर ते थांबले नाहीत. कागद छापून सर्वांच्या हाती दिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कागद माळ्यावर जपून ठेवणाऱ्या घरांतूनच तो कसर आणि वाळवी खाऊन टाकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आणि त्याही मागे जायचे, तर देहूची कथा कोणाला ठाऊक नाही? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, संताजी जगनाड्यांसारख्यांच्या लेखणीत होते. परंपरा वह्या तरल्याचे सांगते. इतिहासाचा विद्यार्थी एवढेच म्हणेल, की जे अनेकांकडे होते ते एका डोहात बुडणे शक्यच नव्हते.

कायद्याचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. पुस्तिका छापणाऱ्याचा तिच्यावर हक्क असतो. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःपाशी कागदी प्रत असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवण्याची मुभा दिली. पण साठवणे वेगळे आणि जगाला वाटणे वेगळे. टेक्ट्रॉनिक्ससारख्या मापनयंत्रांच्या कंपनीने, ज्या यंत्रांची सेवा ती आता देत नाही त्यांच्या पुस्तिका वाटायला परवानगी दिली. असे औदार्य सर्वांनी दाखवले असे नाही. काही कंपन्या हरकत घेतात, आणि शहाणे संग्राहक हरकत आली की तो कागद काढून घेतात. माझे मत विचाराल तर, जी वस्तू कंपनी विकत नाही, जिचा भाग देत नाही, तिचा कागदही दाबून ठेवण्यात कोणाचे काय भले होते, हे मला समजत नाही. पण कायदा आहे तोवर विचारून, पाहून पाऊल टाकावे हे बरे.

काकांच्या ट्रंकेचे काय झाले, ते सांगतो. कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही सुट्टीत बसलो. परदेशी सेटांच्या बऱ्याच पुस्तिका आधीच कोणी ना कोणी वर चढवलेल्या निघाल्या. इथल्या सेटांची काही पत्रके मात्र शोधूनही सापडली नाहीत. मग आम्ही त्यांच्याकडे वळलो. घडीचे मोठे आराखडे पूर्ण उलगडून, सपाट दाबून, तुकड्या-तुकड्याने घेतले. पहिल्या दिवशी मुलांनी फार सफाईने काम केले. पान पांढरे शुभ्र, अक्षरे काळीभोर. मी आनंदाने मूळ कागदाशी ताडून पाहू लागलो आणि दचकलो. समासात काकांनी पेन्सिलीने केलेल्या टिपा होत्या, त्या सफाईत पार पुसून गेल्या होत्या! पंधरा-वीस पाने पुन्हा करावी लागली, राखाडी छटा ठेवून. मुले कुरकुरली. म्हणाली, "सर, ते काही छापील नाही."

पण त्या टिपाच तर खरा इतिहास होता. अमुक सेटमध्ये अमुक कंडेन्सर हमखास जातो. अमुक व्हॉल्व्ह मिळत नसेल तर दुसरा कुठला चालतो आणि त्यासाठी कुठली तार बदलायची. आणि वहीच्या सुरुवातीच्या पानांवर, १९६१ च्या पावसाळ्यात, पुरातून आलेल्या सेटांची यादी होती. आधी स्वच्छ पाण्याने चिखल धुणे, ट्रान्सफॉर्मर कित्येक दिवस उन्हात ठेवणे, आतली ओल पुरती गेल्याशिवाय विजेला न जोडणे, असा क्रम मराठीतून, उमेदवार पोराच्या वळणदार अक्षरात. शहर चिखल उपसत होते, तेव्हा एक विशीबाविशीतला मुलगा लोकांचे रेडिओ वाळवीत होता. कोणत्याही कंपनीने हे छापले नव्हते. ते एकाच वहीत होते, आणि ती वही सोमवारी जाणार होती.

वही वर चढवण्यापूर्वी मी काकूंकडे गेलो. वहीत गिऱ्हाइकांची नावे-पत्ते होते, ते झाकून घेतले असे सांगितले. काकूंनी चष्मा पुसला, पाने उलटली आणि विचारले, "यावर त्यांचे नाव राहील ना रे?" मी म्हटले, "काकू, नाव राहील, आणि अक्षरही राहील." त्यावर त्या म्हणाल्या, "मग दे सगळ्यांना."

वाचकहो, आपल्या ओळखीत असे कोणी काका असतीलच. कोणी टेपरेकॉर्डरचे, कोणी सिनेमाच्या प्रोजेक्टरचे, कोणी प्रयोगशाळेतल्या मीटरांचे. त्यांच्या कपाटात, माळ्यावर, पलंगाखाली हे कागद असतील. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ते हाती लागले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून पाहा. छापील मजकूर पाहा आणि समासही पाहा. शक्य असेल तर जवळच्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याला दाखवा. आणि ते काका हयात असतील, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. कागदात नसलेले पुष्कळ काही ते सांगतील.

वडिलांचा रेडिओ आता बोलतो. परवा संध्याकाळी काकू आल्या होत्या, तेव्हा लावला होता. बाहेर पाऊस होता आणि धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजत होता. आवाज जरा खरखरत होता. काकू म्हणाल्या, "यांनी असता तर काढली असती खरखर." मी वही उघडली. समासात लिहिलेलेच होते.